भोक पडेपर्यंत थांबा

सिन्नर फाट्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये डेंटरने शर्टाच्या खिशातून एक लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरमधलं, कडेला टवका उडालेलं. रुमालाच्या घडीत धरून त्याने ते माझ्या गाडीच्या मागच्या चाकावरच्या कमानीला टेकवलं आणि इंचाइंचाने खाली आणलं. चुंबक पत्र्याकडे ओढ घेत होतं, रुमाल ताणला जात होता. कमान जिथे बंपरला मिळते तिथे वाटाण्याएवढा फुगा आला होता. त्या जागी ओढ संपली. रुमाल सैल पडला.

"लांबी भरलेली नाही ना, ते बघत होतो," तो म्हणाला. "लांबी असली की कंपनी म्हणते, आधी कुठंतरी काम झालंय. तुमचा रंग कंपनीचाच आहे. पण रंगाखाली पत्रा राहिला नाही."

मी म्हटलं, स्क्रूड्रायव्हरने जरा दाबून बघा. त्याने हात मागे घेतला.

"नको सर. भोक पडलं तर म्हणतील, तुम्हीच पाडलं. नाही पडलं तर म्हणतील, भोक कुठंय?"

गाडी २०१८ च्या दसऱ्याला घेतलेली. बॉनेटवर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, मुक्तिधामला एक फेरी. किंमत साडेनऊ लाखांच्या आसपास. आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक पुस्तिका, जिच्यात साध्या वॉरंटीच्या पुढे, शेवटून तिसऱ्या पानावर, गंजाविरुद्धची सहा वर्षांची वेगळी हमी होती. आपल्याकडे काही थोड्याच कंपन्या अशी हमी छापून देतात, आणि घेणाऱ्यांपैकी ती वाचणारे त्याहून थोडे. मीही वाचली नव्हती. फुगा दिसला २०२३ च्या जुलैत. म्हणजे हमीचे पंधरा महिने शिल्लक होते. कंपनीचं नाव इथे देत नाही. माझ्या एका गाडीवरून एका कंपनीला झोडपणं बरोबर नाही, आणि वर्कशॉपवाल्यांशी बोलून कळलं ते असं की पुस्तिकेतली ही भाषा, अशी हमी देणाऱ्या सगळ्यांची, थोड्याफार फरकाने एकच असते.

पुस्तिका नीट वाचली ती अण्णांनी, माझ्या वडिलांनी. ते प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिक रोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. वर्तमानपत्राचा छापखाना कुणाच्या डोक्यातही येत नाही. एकीकडे इंडिया सिक्युरिटी प्रेस, जिथून पोस्टाची तिकिटं, मुद्रांक आणि पासपोर्ट देशभर जातात. दुसरीकडे करन्सी नोट प्रेस, जिथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. अण्णांची सगळी नोकरी कागदावर डोळे लावण्यात गेली. एक आकडा फिरला तर अख्खी शीट बाद, हा त्यांचा घरातलाही कायदा. विजेची बिलं, गॅसच्या पावत्या, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, सगळं वर्षवार फायलीत. आम्ही त्यावरून त्यांची खूप चेष्टा केली आहे.

चष्म्यावर भिंग धरून त्यांनी ती तीन पानं वाचली आणि म्हणाले, "यात वचन कुठंय? शंभराच्या नोटेवर गव्हर्नर सांगतो, धारकाला शंभर रुपये देईन. अट नाही. इथं प्रत्येक ओळीत 'कंपनीच्या मते' आहे." मग थोडं थांबून, "एक रुपयाच्या नोटेवर वचन नसतं, माहितीय ना? ती सरकार काढतं, बँक नाही. ही पुस्तिका एक रुपयाची नोट आहे."

इंग्रजी मजकूर मराठीत सांगायचा तर असा होता: गाडीच्या बॉडीच्या पत्र्याला आतून बाहेरच्या दिशेने गंजून आरपार भोक पडलं, तर आणि तरच, कंपनी तो भाग दुरुस्त करून किंवा बदलून देईल. पृष्ठभागावरचा गंज यात नाही. दगड, ओरखडे, अपघात, पूर, पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक, रसायनं, समुद्राची खारी हवा यांनी झालेला गंज नाही. दरवर्षी अधिकृत वर्कशॉपमध्ये बॉडीची तपासणी करून पुस्तिकेत शिक्का घेतलेला हवा. रंगाचं काम बाहेर केलं असेल तर हमी संपली.

म्हणजे हमी गंजाची नाहीच, भोकाची आहे. आणि फुगा ते भोक यांच्यामध्ये जो काळ जातो, दीड वर्ष, दोन वर्षं, त्यात हमीची मुदत संपली तर मालकाचं नशीब.

ही भाषा अशी का, हे समजायला पत्र्याच्या पोटात शिरावं लागतं. गाडीचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. शेकडो तुकडे डाग देऊन, म्हणजे स्पॉट वेल्डिंगने, जोडले की सांगाडा उभा राहतो. मग तो अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंग कानाकोपऱ्यात जाऊन चिकटतो. नंतर भट्टीत भाजून तो पक्का होतो. याला कारखान्यात ईडी कोट म्हणतात. गाडीचा रुपेरी किंवा लाल रंग हा नंतरचा साज, गंजाशी खरी लढाई या राखाडी थराची. चांगल्या गाडीत त्याच्याही खाली जस्ताचा लेप असलेला पत्रा असतो. जस्ताचा स्वभाव असा की दोघांपैकी एकाला जायची वेळ आली तर ते आधी स्वतः झिजतं, लोखंडाला वाचवतं.

पण एक जागा अशी असते जिथे रंगही नीट पोचत नाही. करंजीला कड मुडपतात ना, तशी दाराच्या बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर मुडपलेली असते. त्या मुडपीच्या पोटात हवा, ओल आणि उघडं लोखंड एकत्र राहतात. वरून सीलंटची रेघ मारून ती बंद करतात. करंजीची कड एखाद्या ठिकाणी सुटली तर तळताना सारण बाहेर येतं. इथे कड सुटली तर पाणी आत जातं. तीच गत दाराखालच्या लांबट पेटीची, जिच्यावर पाय देऊन आपण आत चढतो. तिला पाणी निघून जायला तळाशी छोटी भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली, किंवा कारखान्यातच सीलंटचा गोळा पडून बुजली, तर पेटीचा हौद होतो. लोखंडापेक्षा गंजाला जागा कितीतरी जास्त लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. बाहेर दिसतो तो फुगा.

डेंटरने मला फुग्यांच्या दोन जाती सांगितल्या. दगड लागून आला असेल तर मधोमध टवका असतो, गंज तिथून आत गेलेला असतो. टवका नसेल, रंग नुसता टम्म उचललेला असेल, तर गंज आतून आलेला आहे. "तुमच्या तिन्ही जागा बघा," तो म्हणाला. कमानीवर एक, डिकीच्या दाराच्या खालच्या कडेला चार बारीक पुळ्या, आणि डाव्या दाराखालच्या पेटीत तपकिरी ओघळ. टवका कुठेच नव्हता.

नाशिक रोडची हवा गंजाला फारशी धार्जिणी नाही. इगतपुरीला पाऊस कोसळत असतो तेव्हा इकडे जेल रोडला बऱ्याचदा नुसती भुरभुर. समुद्र घाटाच्या पलीकडे. कोकणातले लोक पूर्वी पावसाळ्याआधी गाडीला खालून जळकं ऑइल मारून घ्यायचे, मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीचे फ्लोअर सडले की पत्र्याचे तुकडे मारून गाडी पुढे रेटायचे. तो गाडीचा धर्मच मानला जाई. कंपनीकडे दाद मागावी असं कुणाच्या मनातही येत नसे. गाडी मिळाली हेच कंपनीचे उपकार.

गंजाची हमी जन्मली ती मीठवाल्या देशांत. कॅनडात, अमेरिकेत, युरोपात हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि १९७० च्या दशकातल्या गाड्या तीन-चार हिवाळ्यांत चाळण व्हायच्या. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात फोर्डच्या गाड्यांचे मालक 'रस्टी फोर्ड' या नावाखाली एकत्र आले. त्या दबावातून कॅनडाच्या सरकारने दशकाच्या अखेरीस कंपन्यांसाठी गंजाची एक संहिता ठरवली. तिचं सूत्र १-३-६ असं झालं: एक वर्ष पृष्ठभागावर गंज दिसता कामा नये, तीन वर्षं आरपार भोक पडता कामा नये, सहा वर्षं सांगाड्याची ताकद कमी होता कामा नये. मला हे सूत्र फार आवडलं. त्यात फुगाही मोजला जात होता. आजच्या पुस्तिकांनी मधलं भोक तेवढं उचललं, त्याची वर्षं वाढवली, आणि उरलेल्या दोघांना निरोप दिला.

ब्रिटनमध्ये १९८० साली लॅन्सिया बीटाच्या ज्या फ्रेमवर इंजिन बसवलेलं होतं तीच गंजायला लागली. वर्तमानपत्रांनी रान उठवलं आणि कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. लॅन्सियाची तिथली पत पुन्हा उभी राहिली नाही. १९९४ मध्ये तिने तो बाजारच सोडला. टोयोटाची गोष्ट वेगळी. टॅकोमा या पिकअपच्या चॅसीला पुरवठादाराकडून गंजरोधक लेप नीट लागला नव्हता. २००८ मध्ये टोयोटाने १९९५ ते २००० च्या गाड्यांना पंधरा वर्षांची गंजाची हमी दिली, आणि चॅसी फारच गेली असेल तर बाजारभावाच्या दीडपट देऊन गाडी परत घेतली. पुढच्या पिढीच्या गाड्यांवर पुन्हा दावा झाला. २०१६ च्या तडजोडीत सुमारे १५ लाख गाड्या आल्या, आणि खर्चाचा अंदाज ३४० कोटी डॉलरपर्यंत गेला. त्यातही चॅसी बदलून मिळायची कसोटी ठरलेली होती: गंजाचं भोक १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं हवं. नऊ असेल तर घरी जा. पण तिथे निदान आकडा तरी होता. आमच्या पुस्तिकेत आकडा नाही, 'कंपनीच्या मते' आहे.

आता वर्कशॉप.

पहिल्या दिवशी सर्व्हिस अॅडव्हायझर मुलगा अगदी अदबीने बोलला. फुगा बघून म्हणाला, "सर, हे वॉरंटीत येत नाही." मी म्हटलं, तेवढं लिहून द्या. तो हसला. "लिहून नाही देता येत सर, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही."

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. नकार तोंडी असतो, म्हणून तो नकारच नसतो. उद्या ग्राहक आयोगापुढे कंपनी म्हणू शकते, यांनी कधी क्लेम केलाच नाही. मी घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "जॉब कार्ड कुठंय?" नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर आले. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात त्यांनी अॅडव्हायझरकडून लिहून घेतलं: मागील उजवी कमान, डिकी, डावी खालची पेटी, तीन ठिकाणी आतून गंज, टवका नाही, गंज-हमीखाली तपासणीची मागणी. खाली तारीख, किलोमीटर, सही. मुलगा म्हणाला, आजोबा, एवढं कुणी लिहीत नाही. अण्णा म्हणाले, "म्हणून तर."

मग सुरू झाली कारणांची मालिका. पहिलं कारण एकलहऱ्याचं. औष्णिक केंद्र जवळ, हवेत राख आणि गंधक. गंधकाचा वायू ओलीत गंज वाढवतो हे खरं आहे, पण मग तो टपावर, बॉनेटवर आधी दिसायला हवा. दाराच्या मुडपीत आणि पेटीच्या पोटात शिरून बसणारी राख मोठी हुशार म्हणायची. दुसरं कारण पुराचं. ४ ऑगस्ट २०१९ ला गोदेला मोठा पूर आला होता, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला होता. गाडी तेव्हा गोदाकाठी होती का? नव्हती, पण नव्हती हे कसं दाखवायचं? अण्णांच्या फायलीतून त्या वर्षीची विमा पॉलिसी निघाली, पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस मिळाल्याच्या नोंदीसह. पुरात बुडालेल्या गाडीचा विमा कोण मागत नाही? तिसरं कारण खरं दुखरं होतं. चार वार्षिक शिक्क्यांपैकी एक नव्हता, २०२० चा. टाळेबंदीच्या वर्षी वर्कशॉपच बंद होतं. सर्व्हिस नंतर उशिरा झाली, बिल होतं, पण बॉडी तपासणीच्या चौकटीत शिक्का मारायला कुणाला सुचलं नाही. एरिया मॅनेजरच्या ईमेलमध्ये त्या एका रिकाम्या चौकटीवर चार ओळी होत्या.

तीन महिन्यांनी एक नवा शब्द आला: गुडविल. कंपनी 'हमीची जबाबदारी न स्वीकारता', सदिच्छा म्हणून, डिकीच्या दाराचा अर्धा खर्च उचलेल. ओळखीच्या लोकांनी सांगितलं, घे आणि मोकळा हो. मला तो शब्द तेव्हाही खटकला आणि अजूनही खटकतो. हक्काचे पूर्ण पैसे द्यायचे नसले की उपकाराचे अर्धे द्यायचे. घेणारा आभार मानतो, आणि सही करतो त्या कागदावर 'यापुढे कोणतीही मागणी नाही' असं असतं. मी सही केली नाही. खरं सांगायचं तर अण्णांनी करू दिली नाही. माझा धीर तोवर सुटत आला होता.

महाराष्ट्राला ग्राहकाच्या चळवळीची घरचीच ओळख आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ मध्ये, केंद्राचा ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या बारा वर्षं आधी. आज लागू आहे तो २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून. नाशिकच्या आयोगात अशी प्रकरणं चालवणाऱ्या एका वकिलांकडे मी फाइल घेऊन गेलो. त्यांनी आधी फाइल पाहिली, मग अण्णांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "अशी फाइल घेऊन येणारा पक्षकार वर्षात एखादा."

त्यांच्याकडून कळलेल्या गोष्टी इथे लिहितो, कारण त्या माझ्या गाडीपुरत्या नाहीत.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं कार्यालय चेन्नईला असो की गुरुग्रामला. मोजली जाते ती गाडीसाठी भरलेली रक्कम, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. माझ्यासारख्या पाच ते दहा लाखांतल्याला २०० रुपये. मुदत दोन वर्षं. गंजाच्या बाबतीत ही दोन वर्षं कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो, म्हणून पहिल्या जॉब कार्डाच्या तारखेपासून धरून चालावं. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद केली तर कंपनीकडून लेखी उत्तर यायची शक्यता वाढते, आणि लेखी उत्तर म्हणजे अर्धं काम.

माझा समज होता की नव्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' आलं आहे, तेच आपलं शस्त्र. छापलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसेल तर उत्पादक जबाबदार, हमी देताना निष्काळजीपणा नव्हता हे त्याने सिद्ध केलं तरी जबाबदार, असं कलम ८४ सांगतं. वकील हसले आणि त्यांनी मागचं एक पान उलटलं. कायद्याच्या त्या प्रकरणासाठी 'हानी' म्हणजे काय हे कलम २(२२) मध्ये दिलं आहे, आणि हमीच्या अटी मोडल्यामुळे खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान त्यातून सरळ वगळलं आहे. गंजलेल्या दारामुळे कुणाला इजा झाली तर ते शस्त्र चालतं. नुसतं दारच गंजलं तर म्यानातच राहतं. आपला रस्ता साधा, जुना: वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी.

दुसरं एक कलम मात्र कामाचं निघालं. पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या टिकाऊपणाची हमी लोकांना देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि चाचणी केली होती असा बचाव कंपनीने घेतला तर ते सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर. सहा वर्षं म्हणालात, तर कशाच्या जोरावर म्हणालात ते दाखवा. वकिलांनी कंपनीला पाठवलेल्या नोटिशीत हे वाक्य गेल्यावर उत्तरांची भाषा बदलली, असा माझा अनुभव.

पण आयोगात गाडीची बहुतेक प्रकरणं अडतात ती तज्ज्ञाच्या अहवालावर. आपण म्हणतो कारखान्याचा दोष, कंपनी म्हणते वापराचा. आयोग योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. फी आधी तक्रारदाराने भरायची. अशी तपासणी मागायलाच अनेकजण विसरतात आणि हरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये फियाट इंडियाविरुद्धच्या एका प्रकरणात स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासून घ्यायला सांगितलं होतं, आणि मूळचाच दोष निघाला तर पैसे परत द्या असं म्हटलं होतं. उलट बाजूही आहे. २००६ च्या मारुती उद्योगच्या निकालात न्यायालयाने हमीची मर्यादा घालून दिली: कंपनीने कबूल केलंय ते सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं, त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. फुगे आले म्हणून नवी गाडी द्या अशी मागणी करून लोक स्वतःचीच केस पातळ करतात.

आणि गोव्यातलं एक प्रकरण, ज्यात गंजही आहे. एका ग्राहकाने २०११ मध्ये नव्या गाडीचे पैसे भरले. त्याची तक्रार अशी की विक्रेत्याने २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली, तळाला गंज चढलेली गाडी हातात दिली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत तो जिंकत गेला, विक्रेत्याविरुद्धही आणि टाटा मोटर्सविरुद्धही. १८ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला यातून मोकळं केलं. विक्रेता स्वतंत्र व्यापारी. त्याने केलेली गोष्ट कंपनीला माहीत होती हे दाखवल्याशिवाय ती कंपनीच्या माथी मारता येणार नाही. यातून आपल्यासारख्याने घ्यायचं ते हे: गाडी कधी बनली, कधी विकली गेली आणि मधल्या काळात कुठल्या उघड्या यार्डात उभी होती, हे घेतानाच विचारून लिहून ठेवावं, आणि तक्रारीत दोघांनाही प्रतिपक्ष करून प्रत्येकाविरुद्ध वेगळं काय म्हणायचं आहे ते सांगावं. नाहीतर वर्कशॉप म्हणतं निर्णय कंपनीचा, कंपनी म्हणते पाहणी वर्कशॉपची, आणि आपण पुणे रोडवर द्वारका चौकापर्यंत ये-जा करत राहतो.

माझं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. त्याचं श्रेय डेंटरच्या भाच्याला. मोबाइलला जोडायचा एक नळीसारखा कॅमेरा असतो, हजार रुपयांच्या आत मिळतो, गटार तुंबलं तर प्लंबर वापरतात. त्या मुलाने तो मागच्या दिव्याचा कप काढून त्या भोकातून कमानीच्या पोटात सोडला. पडद्यावर दिसलं ते मी विसरणार नाही. बाहेरून वाटाण्याएवढा फुगा, आतून तळहाताएवढा पट्टा, खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटलेला, आणि त्याच्याखाली पाणी जायच्या भोकावर बसलेला सीलंटचा पांढरा, गुळगुळीत गोळा. त्याच्या कडेवर गाडीच्याच रंगाचा फवारा बसलेला होता. म्हणजे तो गोळा रंगाच्या आधीचा, कारखान्यातला. अण्णांनी तो फोटो पोस्टकार्ड आकारात छापून घेतला, मागे तारीख घातली. नोटीस गेली ती त्या फोटोसकट.

मे महिन्यात कंपनीचा माणूस पाहणीला आला, पुण्याहून. चाळिशीतला, शांत, कामाचा जाणकार. वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर घेतली होती. त्याने आधी बॅटरीच्या उजेडात फुगा पाहिला, बोट फिरवलं, फोटो पाहिला. मग टूलबॉक्समधून एक बारीक टोच्या काढला आणि फुग्यावर टेकवून हलकेच दाबला. खूप हलकेच, बटाटा शिजलाय का बघतात तसं. टोच्या मुठीपर्यंत आत गेला. वरून तपकिरी भुगा त्याच्या बुटावर पडला.

कुणी काही बोललं नाही. पलीकडे एअर गनचा आवाज चालू होता. अण्णा पुढे झाले. "भोक पडलंय. कुणी पाडलं, तेवढं अहवालात लिहा."

तो माणूस हसला, आणि त्याने ते खरंच लिहिलं: हलक्या दाबाने आरपार, गंजाची दिशा आतून बाहेर.

निकाल तीन तऱ्हेचा लागला. कमान हमीत बसली. पत्रा कापून नवा डागला, रंगवला, पैसे नाहीत. डिकीच्या पुळ्यांना भोक नव्हतं, म्हणून तिथे पुन्हा तोच गुडविल, पण या वेळी सहीच्या कागदावरचं 'यापुढे मागणी नाही' खोडून. अर्धे पैसे मी भरले. पेटीतला गंज 'पृष्ठभागाचा' ठरला, म्हणजे काही नाही. ती साफ करून आत मेणाचा फवारा मारून घेतला तो सिन्नर फाट्याच्या डेंटरकडूनच, २,२०० रुपयांत. त्याने बुजलेली भोकंही मोकळी केली आणि पाणी ओतून दाखवलं. वकिलांना डिकीसाठी पुढे जायचं होतं. मला नको होतं. अकरा महिने झाले होते.

गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी अॅडव्हायझर तोच मुलगा होता. चावी देताना अण्णांनी विचारलं, "या नव्या पत्र्याला हमी किती?"

"मूळ मुदतीतली उरेल तेवढी, आजोबा. ऑक्टोबरपर्यंत."

"चार महिने."

"हो."

अण्णांनी पुस्तिका उघडून काउंटरवर ठेवली. मुलाने दुरुस्तीच्या रकान्यात शिक्का मारला. अण्णांनी भिंग काढलं, शिक्क्यावर धरलं, आणि पुस्तिका त्याच्याकडे परत सरकवली. शिक्क्यातली तारखेची चाकं कुणी फिरवली नव्हती. त्यावर मागचा महिना होता.

"पुन्हा मार," अण्णा म्हणाले. "आणि जुन्यावर रेघ मारून सही कर. खोडू नको."